पाचची गाडी

९ जानेवारी

कारखान्यात असताना निघण्याआधी दिवसभराचं चार ओळींत लिहून ठेवायची सवय होती. कुठलं यंत्र रुसलं, कुठल्या गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं, कोण न सांगता घरी पळाला. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा, त्यात लिहिण्यासारखं दुसरं काय असणार! पुतण्याच्या हाती कारखाना सोपवला आणि लिहिणंही सुटलं. आज पुन्हा वही काढली, कारण आज बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं घडलं.

माझ्या मुलीच्या, ठकीच्या नावाची अभ्यासवृत्ती सुरू झाली. विद्यापीठात जाऊन सही करून आलो. उपयोजित अर्थशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा राहण्या-शिकण्याचा भार दरवर्षी आपण उचलायचा. विभागप्रमुख मोठे विद्वान आहेत म्हणतात, पण माझ्यासमोर त्यांची विद्वत्ता 'होय साहेब, अगदी बरोबर साहेब' याच्यापलीकडे गेली नाही. मनातल्या मनात त्यांचं नाव मी होयबा ठेवलं.

माझी अट एकच. पहिल्या विद्यार्थ्याने ठकीचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं आणि पुस्तकावर तिचं नाव आधी. गोदामांच्या मागच्या वसाहतीत पालिकेने पाळणाघर काढलं, त्यामुळे तिथल्या आया कामाला जायला लागल्या का, हा तिचा विषय. वर्षभर घरोघर फिरली पोर. माहिती गोळा झाली, आकडेमोड झाली, निष्कर्षाचा कच्चा मसुदा झाला: पाळणाघराने काही फरक पडला नाही, बायका घरीच आहेत. मग रक्ताचं ते दुखणं निघालं आणि गेल्या वर्षी हिवाळा संपायच्या आत ती गेली. एकुलती एक होती.

तेव्हा आता फक्त शेवटचा हात फिरवायचा आहे. वर्षअखेरीला समारंभ करू. ही, ठकीची आई, आज आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

१७ जानेवारी

मुलगी येऊन गेली. होयबानेच निवडली. किडकिडीत, अंगावर कोणाचा तरी उतरलेला असावा असा मोठा कोट. विचारलं तेवढंच बोलते, एक शब्द जास्त नाही. हिला मी मोजकी म्हणणार. मला काका म्हणाली, ते आवडलं. होयबाने साहेब-साहेब करून कान किटवले आहेत.

तिला ठकीची खोली दाखवली. भिंतीवरचा वसाहतीचा नकाशा, कॉम्प्युटर, खिडकीतला चहाचा मग. त्या मगाला हात लावायचा नाही, हे सांगितलं. मोजकी नकाशासमोर बराच वेळ उभी होती.

मग गाडीचं सांगितलं. ठकी त्या वसाहतीत फिरायची तेव्हा मी रोज पाचला कारखान्याची गाडी पाठवायचो. वस्ती गरीब, कोण कसं असेल सांगता येत नाही. दिवेलागणीच्या आत घरात, हा आमच्याकडचा नियम. काम हातात असो की तोंडात वाक्य असो, ड्रायव्हरने एक लांब हॉर्न दिला की पोर निमूट येऊन बसायची. इतकी गुणी. एक दिवस गाडी चुकली नाही, हे मी अभिमानाने सांगतो. तीच गाडी आता तुझ्यासाठी, म्हटलं.

"नको काका, मी बसने जाईन."

"बापाच्या जागी आहे म्हणून सांगतोय."

मग काय बोलणार! मान डोलावली.

६ फेब्रुवारी

आज मोजकी म्हणाली, "ठकीताई दिवसाच जायच्या का?"

"मग काय दरोडा घालायला जायची होती?"

ती हसली नाही. "आणि दार बंद असलं तर काय करायच्या?"

हे मला माहीत होतं! ठकीने जेवताना समजावून सांगितलं होतं. प्रत्येक पाचवं घर घ्यायचं, त्याला कुलूप असलं तर शेजारचं उघडं घर. पाहणीची तशी रीतच आहे. मी म्हटलं होतं, म्हणजे गठ्ठ्यातलं खोकं फाटकं निघालं तर बाजूचं उचलायचं, तसंच ना? ठकी म्हणाली, "बाबा, तुम्हाला होयबांपेक्षा लवकर कळतं." नाही, होयबा नाही म्हणाली, सर म्हणाली. पण हसत म्हणाली.

मोजकीला हे सांगितल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पुढे काही विचारलंच नाही. मला वाटतं, माझ्याकडून एवढी अपेक्षा नसावी तिची.

कारखान्यातून मुखपृष्ठाचा नमुना आला. निळा रंग, वर ठकीचं नाव. पुतण्याने अक्षरं जरा बारीक घेतली होती, ती मोठी करायला सांगितली.

२६ फेब्रुवारी

ड्रायव्हरची तक्रार. गाडी रिकामी परत येते. मोजकी हॉर्नला बाहेर येते, "तुम्ही जा, मी शेवटच्या बसने येईन" म्हणते आणि परत गल्लीत शिरते. एकदा नाही, रोज.

दाल में काला वगैरे म्हणतात ते काही उगाच नाही. पोरीचं तिथे कुठेतरी जमलेलं दिसतंय. अभ्यासवृत्ती आमची आणि फिरणं-बागडणं हिचं! बायकोला सांगितलं तर ही म्हणाली, "जमलं असलं तर जमू दे. आणि काम असेल तर या पोरीला तरी थांबू द्या."

'तरी' कशाला म्हणाली कोण जाणे. विचारणार होतो, तोवर आत निघून गेली. हल्ली आमचं बोलणं असंच, अर्ध्यावर गॅस बंद केल्यासारखं. होयबाला फोन करून कानावर घातलं. "समज देतो साहेब," म्हणाला.

११ मार्च

आनंदाचा दिवस. पालिकेचे अधिकारी चहाला आले होते. मीच बोलावलं होतं, समारंभाचे पाहुणे म्हणून. ठकीचा मसुदा त्यांनी तिथेच वाचला, मांडीवर ठेवून, पानन् पान. "आम्हाला नेमकं असंच काहीतरी हातात हवं होतं," म्हणाले. प्रत मागितली. दिली.

ठकीने लिहिलेलं बाहेरच्या कोणी मागून नेण्याची ही पहिली वेळ. ते गेल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. हिला कळलं असणार.

मोजकीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. "काका, आत्ताच द्यायला नको होतं."

कानामागून आली आणि तिखट झाली! माझ्या मुलीचं कौतुक झालं ते हिला बघवलं नाही. स्वतःचं नाव दुसरं येणार याचीच बोच, दुसरं काय.

२ एप्रिल

आज लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

मोजकी दुपारी आली. कोट काढला नाही, बसली नाही. म्हणाली, "काका, निष्कर्ष उलटा आहे."

"कोणाचा?"

"ठकीताईंच्या मसुद्यातला. दिवसा ज्या घरांना कुलूप होतं, त्या घरांतल्या बायका कामावर गेल्या होत्या. मुलं पाळणाघरात. ती घरं पाहणीत आलीच नाहीत. शेजारचं उघडं घर घेतलं, म्हणजे ज्या घरी होत्या त्यांनाच विचारलं, तुम्ही घरी असता का. मी संध्याकाळी थांबून तीच कुलपं लागलेली घरं केली. पाळणाघराच्या जवळच्या गल्ल्यांत तर जवळजवळ सगळ्याच जणी जातात."

म्हणजे मुलगा-बिलगा कोणी नव्हता. संध्याकाळी घरं करत होती. हे तेव्हाच सांगितलं असतं तर! पण तेव्हा हा विचार मनात आला नाही. तेव्हा फक्त एवढं दिसलं की ठकीच्या खोलीच्या दारात उभं राहून कोणीतरी ठकीला चुकलीस म्हणतंय, आणि ठकी उत्तर द्यायला नाही.

म्हटलं, "माझ्या मुलीच्या चुका काढायला मी तुला ठेवलेलं नाही."

"चूक त्यांची नाही म्हणत मी. रीत तीच आहे, मीही तशीच शिकले. बंद घरी पुन्हा जायचं असतं, वेगळ्या वेळी. त्यांना संध्याकाळी थांबता आलं नसेल."

"का नसेल? दारात गाडी उभी होती तिच्या!"

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण मूग गिळून गप्प बसली. मग म्हणाली, "पालिकेला एवढं कळवा, काका. ते पाळणाघर..." मी पुढचं ऐकलं नाही. दार दाखवलं.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

३ एप्रिल

होयबाला सांगितलं, ही मुलगी आता नको. "अगदी बरोबर साहेब. दुसरा मुलगा आहे, अतिशय समंजस, तुम्हाला हवं तसं पुरं करून देईल." इतक्या चटकन म्हणाला की मलाच कसंतरी झालं. गिऱ्हाइकाने खोकं चौकोनी नको, गोल हवं म्हटलं असतं तर मीसुद्धा निदान एकदा 'का' विचारलं असतं.

हिने जेवण वाढलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

१९ एप्रिल

ठकीचा मसुदा तसाच छापायला दिला होता, त्याची मुद्रितं आली. तपासायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो. 'पाहणी केलेल्या घरांतील बहुसंख्य स्त्रिया दिवसभर घरीच असतात.' वाक्य साधं आहे. पण त्या पोरीने डोक्यात किडा सोडून दिला आहे. खोक्यांच्या धंद्यात एक गोष्ट शिकलो होतो, गिऱ्हाईक नाही म्हणालं की स्वतः गोदामात जाऊन माल बघायचा. पुतण्याला हेच हजारदा सांगितलंय.

उद्या जाऊन येतो. आपल्या डोळ्यांनी उघड्या दारांतल्या बायका बघतो आणि या मोजकीचं तोंड कायमचं बंद करतो.

२० एप्रिल

गेलो होतो.

ड्रायव्हरला नाक्यावर थांबायला सांगितलं. जेवणं झाल्याची वेळ. पाळणाघरालगतची गल्ली, दोन्ही बाजूंना एकमजली घरं, दारांवर रंग उडालेला. पहिल्या दाराला कुलूप. पुढच्याला कुलूप. मग एक म्हातारा पायरीवर बसलेला, मग पुन्हा कुलूप. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. ठकी या कुलपांसमोर उभी राहिली असेल आणि मग शेजारी गेली असेल, असं वाटत राहिलं. म्हाताऱ्याने पायरीवर जागा करून दिली. त्याच्याशी गुडघेदुखीवर बोलत बसलो, कारण दुसरं काही सुचेना.

पाचच्या सुमाराला नाक्यावर बस थांबली. बायका उतरल्या. निम्म्या सरळ पाळणाघराकडे वळल्या, तिथून मुलं घेऊन गल्लीत शिरल्या. एकेक कुलूप निघायला लागलं. बघता बघता गल्ली भरून गेली, आतून भांड्यांचे आवाज, पोरांचं रडणं. मघाची गल्ली ती हीच का, असं झालं.

समोरच्या घरातली एक बाई कडेवर पोर घेऊन कुलूप काढत होती. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते, हाताला अजून साबणाचा वास येत होता. मी विचारलं, इथे पूर्वी एक मुलगी पाहणीला यायची, आठवते का.

"त्या अभ्यासवाल्या ताई? उंच, चष्मा? आठवतात ना. फार गोड होत्या."

"तुम्ही बोललात तिच्याशी?"

"बोलणार कुठून! मी बसमधून उतरायचे तेव्हा त्या गाडीत बसत असायच्या. एकदा धावत आल्या माझ्याकडे. म्हणाल्या, मला तुमच्याशीच बोलायचंय, दिवसा तुमच्या गल्लीत नुसती कुलपंच भेटतात. म्हटलं, मग या की आत, चहा टाकते. तेवढ्यात हॉर्न वाजला. म्हटलं, राहू दे ताई, उद्या या. तर हसल्या नि म्हणाल्या, उद्याही गाडी येईल."

मी नाक्यावर उभ्या गाडीकडे बघितलं.

"पुढे आल्याच नाहीत," बाई म्हणाली. "लग्नबिग्न झालं असेल. कुठे असतात आता?"

मी नुसती मान हलवली. तिने ती काय म्हणून घेतली माहीत नाही. पोराच्या नाकाला पदर लावत ती आपलंच बोलत राहिली. "आता तर आम्हीच दिवसा घरी भेटू. पाळणाघर बंद होतंय ना पुढच्या महिन्यात. कुठल्याशा अभ्यासात आलंय म्हणे, आम्हाला त्याचा उपयोग नाही. कोणी विचारलं देव जाणे. मला तर कोणी नाही विचारलं."

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नाक्यावरून हॉर्न आला, एक, लांबच लांब. ड्रायव्हरला कोणी नको म्हणून सांगितलंच नव्हतं, त्याची जुनी सवय.

बाईने नाक्याकडे बघितलं आणि वाटेतून बाजूला झाली. "जा बाबा," म्हणाली, "तुमची गाडी आली."

आणि मी गेलो. गाडीत जाऊन बसलो.

२४ एप्रिल

पालिकेत जाऊन आलो. अधिकाऱ्यांनी चहा मागवला, खुर्ची पुढे केली. मसुदा चुकीचा आहे म्हटलं, तर हसून म्हणाले, "आपल्या मुलीच्या कामाबद्दल फारच विनय दाखवताय." निर्णय झालाय, जागा दुसऱ्या खात्याला गेलीय. लेखी द्या म्हणाले, दिलं. त्याचं काय होणार हे मला कळतं. धंदा केलाय मी.

मुद्रितं परत पाठवली, छापू नका म्हणून. पुतण्या म्हणाला, मुखपृष्ठं तर छापून झाली. म्हटलं, खोक्यांच्या आत अस्तराला वापर. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की काय बोललो. पुन्हा फोन करून सांगितलं, नको, ती घरी आणून दे.

मोजकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवायला लागली आहे. म्हटलं, परत ये, तुझं काम तू पुरं कर, नाव तुझं आधी घाल. 

"नाही जमायचं, काका. इथे आता वर्ग हातात घेतलेत. आईलाही इकडे आणलंय."

"तुला गाडीचं कळलं होतं ना? त्या दिवशी बोलणार होतीस."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी पण गाडी पाठवत होतात, काका," ती म्हणाली. "काळजीनेच पाठवत होतात. काय बोलणार?"

तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ एप्रिल

आज जेवणानंतर हिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. वसाहत, कुलपं, ती बाई, हॉर्न. इतकं सलग मी हिच्याशी ठकी गेल्यापासून बोललो नव्हतो. वाटलं, ही हादरेल, रडेल, मला बोल लावेल. मी त्या तयारीने बसलो होतो.

ही ऐकत राहिली. टेबलावरचा एक डाग बोटाने पुसत राहिली.

मग म्हणाली, "इथेच विचारलं होतं तिने तुम्हाला. त्या खुर्चीत बसून. बाबा, आठवड्यातून दोन दिवस गाडी उशिरा पाठवा ना, माझी सगळी घरं राहतायत. तुम्ही पेपर वाचत होतात. 'गाडी पाचला येईल' म्हणालात. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच. मग तिने विचारणं सोडलं."

मला त्यातलं काहीही आठवत नाही. खुर्ची समोर आहे, टेबल समोर आहे, आठवत नाही.

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"त्यात काय बोलायचं?" ही म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्हाला माहीत आहे. मी समजत होते, त्यासाठीच तुम्ही ती अभ्यासवृत्ती काढलीत."

आणि माझ्याकडे बघत थांबली. फार दिवसांनी ही माझ्याकडे अशी बघत होती, जरा मायेनेच.

मी 'हो' म्हटलं.